रोगांच्या नांवांचा हिशेब



माझी एक भाची घाटकोपरास राहते. प्राणिशास्त्र घेऊन ती बी. एस्सी. झाली आणि गेल्या दिवाळीनंतर अशा एका विद्येच्या मागें लागली कीं, जिचें नांवहि मीं पूर्वीं ऐकलें नव्हतें. रोज सकाळीं ती मेट्रोनें अंधेरीस जाते आणि सायंकाळीं परत येते ती तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथांचें ओझें घेऊन. एके दिवशीं मीं विचारलें, “हें काय चालविलें आहेस, बाळ?” ती म्हणाली, “मामा, मेडिकल कोडिंग.” मी पडलों जुना मॅट्रिक, छत्तीस वर्षें मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेला मास्तर. कोडीं घालणें मला ठाऊक होतें, कोडिंग ठाऊक नव्हतें. तेव्हां तिनें मला समोर बसवून धडा दिला. त्या धड्यामागचा इतिहास मीं मग माझ्या जुन्या खोडीप्रमाणें शोधून काढला. तोच आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

गोष्ट थोडक्यांत अशी. रुग्ण बरा होऊन घरीं जातो किंवा दुर्दैवानें जात नाहीं. त्याचे केस पेपर मात्र रुग्णालयांत राहतात. डॉक्टरांनीं घाईघाईनें लिहिलेलें निदान, केलेल्या तपासण्या, शस्त्रक्रिया हें सारें त्यांत असतें. कोडर तें सर्व वाचतो आणि प्रत्येक रोगास व दुखापतीस जगभर मान्य असलेला एक संकेतांक देतो. आरंभीं एक इंग्रजी अक्षर, पुढें आंकडे. पटकीला ए ००, प्लेगला ए २०, देवीला बी ०३. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, परंतु तिचा अंक अद्याप तिच्याच नांवें राखून ठेवलेला आहे. परागंदा झालेल्या भाऊबंदाची खोली वाड्यांत कुलूप घालून ठेवावी तसा. कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४. झाडावरून पडला तर डब्ल्यू १४. आणि आम्हां उपनगरवासीयांच्या रोजच्या ओळखीचा अपघात, रूळ ओलांडतांना आगगाडीची धडक, त्याला व्ही ०५.

हा खटाटोप कशासाठीं? शाळेच्या हजेरीपटावर एकाच मुलाला एका मास्तरानें ‘बाळू’ आणि दुसऱ्यानें ‘बाळकृष्ण’ असें लिहिलें, तर एकाचीं दोन मुलें होतात आणि पट खोटा पडतो. रोगांचेंहि तसेंच आहे. आपल्याकडे रोगांची वर्गवारी फार जुनी. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं ज्वर, अतिसार, अर्श अशीं एकेका रोगाचीं प्रकरणें पाडून लक्षणें सांगितलेलीं आहेत. परंतु त्या वर्गवारीचा हेतु रोग ओळखावा आणि बरा करावा हा होता. रोगी मोजावेत ही कल्पना निराळी, आणि ती जन्मास आली ती वैद्यांच्या घरीं नव्हे, एका कापडवाल्याच्या घरीं.

लंडन शहरांत सतराव्या शतकांत दर आठवड्यास मेलेल्यांच्या याद्या छापून विकल्या जात. जॉन ग्रॉंट नांवाच्या व्यापाऱ्यानें त्या याद्या वर्षानुवर्षांच्या गोळा करून १६६२ सालीं त्यांवर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या याद्यांतील मृत्यूचीं कारणें वाचून हंसूं येतें. ‘म्हातारपण’ हें एक कारण, ‘एकाएकीं’ हें एक कारण, आणि तान्ह्या मुलांच्या बाबतींत ‘दांत’ हेंहि एक कारण! हीं कारणें ठरवीत कोण? तर प्रेत पाहण्यासाठीं नेमलेल्या गरीब म्हाताऱ्या बायका. ग्रॉंटनें स्पष्टच लिहून ठेवलें आहे कीं, ज्या रोगाची घरच्यांना लाज वाटे तो रोग या बायका मद्याच्या पेल्यावर आणि थोड्याशा पैशांवर दुसऱ्याच नांवाखालीं घालीत. ग्रॉंटची ही तक्रार मला त्याच्या साऱ्या गणितापेक्षां मोलाची वाटते. मृत्यूचें कारण ही नुसती वैद्यकाची गोष्ट नसून तींत लाज, भीति आणि पैसा हीं तिन्ही शिरतात, हें त्यानें पहिल्याच दिवशीं ओळखलें.

पुढें इंग्लंडांत विल्यम फार या गृहस्थानें १८३९ पासून राष्ट्राच्या मृत्युनोंदींचें काम हातीं घेतलें. एकाच रोगाला तीन-तीन नांवें, एका नांवाखालीं चार-चार रोग, आणि मूळ रोग सोडून शेवटच्या उपद्रवाचीच नोंद, या तीन दोषांवर तो उभा जन्म झगडला. फारच्या या तीन तक्रारी आजहि जशाच्या तशा शिल्लक आहेत, हें पुढें दिसेलच.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. ज्याला आज आपण मुंबई उपनगर म्हणतों तो भाग त्या काळीं ठाणे जिल्ह्यांतील साष्टी तालुक्याचीं खेडीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं भातशेतीचीं, मिठागरांचीं आणि ताडामाडांचीं गांवें. शहरांत म्युनिसिपालिटीचा आरोग्याधिकारी होता. खेड्यांत जन्ममृत्यूची वही गांवकामगाराच्या दप्तरांत. सरकारी वार्षिक तक्त्यांत मृत्यूच्या कारणांचीं सदरें बोटांवर मोजण्याइतकीं: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आंव, श्वासाचे विकार, अपघात आणि इतर. सांगणारा अडाणी, लिहिणारा वैद्यकाचा गंध नसलेला. त्यामुळें ‘ताप’ हें सदर समुद्रासारखें झालें. हिंवताप त्यांत, विषमज्वर त्यांत, क्षय त्यांत, बाळंतरोगहि त्यांतच. विसाव्या शतकाच्या आरंभीं देशांतील निम्म्याहून अधिक मृत्यु या एका शब्दाखालीं पडलेले आढळतात. इतकीं माणसें कशानें मेलीं, तर तापानें! म्हणजे कशानें मेलीं हें कोणासच ठाऊक नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचें, म्हणजे प्लेगचें निदान केलें, आणि एका शब्दाची किंमत काय असते हें मुंबईला कळलें. घरांत प्लेग आहे असें वहींत लिहिलें कीं घर उघडें पडे, रोगी इस्पितळांत नेला जाई, मागें राहिलेल्यांना छावणींत घालीत, कौलें काढून ऊन आंत घेत. अशा वेळीं लोकांनीं रोग लपविला यांत नवल नाहीं. शहरांतील एकंदर मृत्यु नेहमींपेक्षां जितके वाढलेले दिसत तितके प्लेगच्या सदरांत दिसत नसत. बाकीचे साधा ताप, फुप्फुसाचा दाह अशा निरुपद्रवी नांवांखालीं दडत. ज्यांना शक्य होतें ते शहर सोडून साष्टींत पळाले आणि कांहींच्या मागोमाग रोगहि आला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून त्या काळांत उभारलेले क्रूस आजहि पाहावयास मिळतात. लंडनच्या त्या म्हाताऱ्या बायका मद्यासाठीं खोटें लिहवीत. आमच्या लोकांनीं भयानें लिहविलें. दोहोंत फरक आहे खरा, पण वहीला तो दिसत नाहीं.

याच सुमारास तिकडे फ्रान्समध्यें झाक बेर्तियों नांवाचा पारीस शहराचा सांख्यिकी-प्रमुख एक यादी तयार करीत होता. (गुन्हेगारांचीं मापें घेऊन ते ओळखण्याची पद्धति काढणारा अल्फोन्स बेर्तियों तो याचाच भाऊ. एक भाऊ चोरांची नोंद ठेवी, दुसरा मरणांची!) १८९३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं शिकागोस स्वामी विवेकानंद बोलले त्याच वर्षीं व त्याच शहरांत, बेर्तियोंनें आपली मृत्युकारणांची यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढें ठेवली. तिच्या सर्वांत मोठ्या आवृत्तींत १६१ नांवें होतीं. १९०० च्या ऑगस्टांत पारीस येथें २६ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं ती तपासून १७९ सदरांची केली, आणि सुमारें दहा-दहा वर्षांनीं ती सुधारावी असें ठरलें. आजची यादी तिचीच पणती-खापरपणती होय.

सदर नसलें म्हणजे काय होतें याचा दाखला १९१८ सालीं मिळाला. इन्फ्लुएंझाची सांथ आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. परंतु गांवोगांवच्या वह्यांत इन्फ्लुएंझा हें सदरच नव्हतें. तीं माणसें पुन्हां ‘ताप’ आणि ‘श्वासाचे विकार’ यांत गेलीं. पुढें किती मेले हें काढतांना अभ्यासकांना मागच्या वर्षांची सरासरी वजा करून अंदाज बांधावा लागला.

१९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि यादीची सहावी आवृत्ति तिच्या हातीं आली. तोंवर ही यादी मेलेल्यांची होती; ह्या आवृत्तीपासून ती जिवंत रोग्यांच्या आजारांनाहि लागूं झाली. रुग्णालयांतील कोडरचा जन्म खरा येथला. दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली, तींत सुमारें चौदा हजार संकेतांक आहेत. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. त्या आवृत्तीच्या पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणांत २०२४ च्या जानेवारींत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या रोगनामांची भर पडली. माधवकरास इतक्या शतकांनीं जगाच्या वहींत जागा मिळाली म्हणावयाची!

इकडे १९५० सालीं जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईंत आला. गांवकामगाराची वही जाऊन म्युनिसिपालिटीचें निबंधकाचें कार्यालय आलें. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कायद्यानें डॉक्टरनें मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यावा असेंहि सांगितलें. त्या दाखल्याची रचना मला फार आवडली. पहिल्या ओळींत मृत्यूचें अगदीं लगतचें कारण. दुसऱ्या ओळींत तें कशामुळें झालें. तिसरींत तेंहि कशामुळें झालें. असें मागें-मागें जात मुळाशीं पोंचावयाचें, आणि मोजावयाचें तें मूळ. व्याकरणांत आम्ही शब्दाचा धातु काढीत असूं, तशांतलाच हा प्रकार. परंतु २०२० सालीं देशांत जितके मृत्यु नोंदले गेले त्यांपैकीं शेंकडा सुमारें २२ मृत्यूंनाच असा वैद्यकीय दाखला होता. आणि जेथें दाखला आहे तेथेंहि पुष्कळदां पहिल्याच ओळींत ‘हृदयक्रिया बंद पडली’ असें लिहून डॉक्टर मोकळे होतात. अहो, हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाहीं? मेला म्हणजेच ती बंद पडली. तें मरणाचें वर्णन झालें, कारण नव्हे.

त्याच २०२० सालीं कोविडची सांथ आली. नव्या रोगाला यू ०७.१ हा अंक मिळाला. जुन्या मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास कोविड होऊन तो दगावला, तर मूळ कारण कोणतें, असा प्रश्न रोज उभा राहूं लागला. १६ जून २०२० रोजीं मुंबईच्या कोविडच्या आंकड्यांत मागील ८६२ मृत्यु एकदम मिळविण्यांत आले. माणसें त्या दिवशीं मेलेलीं नव्हतीं. त्यांचें सदर त्या दिवशीं ठरलें. दूरदर्शनवर तो आंकडा ऐकला तेव्हां मला १८९६ आणि १९१८ आठवलें नाहीं, कारण तेव्हां मला हें कांहींच ठाऊक नव्हतें. आज आठवतें.

हें काम शिकावयाचें कोठें? आपल्या देशांत सरकारच्या आरोग्य-माहितीच्या केंद्रीय खात्यातर्फे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयांत आणि पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेंत रुग्णालयांच्या रेकॉर्ड खात्यांतील लोकांना शिक्षण देतात. परंतु माझी भाची शिकते आहे तो रस्ता निराळा. अमेरिकेंत १९८३ पासून वृद्धांच्या सरकारी विम्याचे पैसे रुग्णालयाला रोगाच्या वर्गाप्रमाणें मिळतात. म्हणजे संकेतांक चुकला कीं पैसा चुकला. त्या देशानें दहाव्या आवृत्तीला आपल्यापुरते इतके फांटे फोडले कीं अंक सुमारें सत्तर हजारांवर गेले, आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ते सक्तीचे झाले. तिकडचे केस पेपर तारायंत्राहून वेगानें इकडे येतात आणि अंधेरी, ऐरोलीच्या कचेऱ्यांतून आमचीं मुलें-मुली त्यांना अंक लावतात. जुन्या साष्टीच्या वहींत ज्यांच्या पणज्या ‘ताप’ म्हणून संपल्या, त्यांच्या पणत्या ओहायोंतील म्हातारीच्या गुडघ्याचा डावा-उजवा तपासून लिहितात! इतिहास कधीं कधीं असा थट्टेखोर होतो.

अभ्यास सोपा नाहीं. शरीररचना, इंद्रियांचे व्यापार, आणि ग्रीक-लॅटिन धातूंपासून बनलेले शब्द. परीक्षा चार तासांची, प्रश्न शंभर, उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७० गुण, आणि तिन्ही पुस्तकें उघडून बसण्याची मुभा. आमच्या काळीं बांकाखालीं पुस्तक सांपडलें तर वर्गाबाहेर काढीत! पण भाची म्हणते, पुस्तक उघडें असलें तरी रोगाचें नांव अनुक्रमणिकेंत कोणत्या शब्दाखालीं शोधावयाचें हें डोक्यांत नसेल तर चार तास पुरत नाहींत. तिच्या पुस्तकाचा पहिला नियम असा कीं, आधीं अकारविल्हे सूचींत शोधावें, मग मुख्य कोष्टकांत जाऊन पडताळावें. सूचीवर विसंबून अंक देऊं नये. दुसरा नियम, बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरनें ‘बहुधा हिंवताप’ असें लिहिलें असेल तर हिंवतापाचा अंक द्यावयाचा नाहीं. नुसत्या तापाचा द्यावयाचा. आणि तिसरा, जो साऱ्यांत कठीण, तो मी आतां सांगणार आहें.

माझे वडील, त्यांना आम्हीं आप्पा म्हणत असूं, परळच्या बाजूला एका गिरणींत कार्डिंग खात्यांत होते. आम्ही भटवाडींत राहत होतों. आप्पा पहांटेच्या गाडीनें जात, आणि परत येत तेव्हां त्यांच्या भुंवयांवर कापूस असे. रविवारीं ते बरे असत. सोमवारीं संध्याकाळीं जिना चढतांना दोनदां थांबत. दर सोमवारीं. आई म्हणे, सुटीनंतर अंग जड होतें. १९८२ च्या संपांत गिरणी सुटली, खोकला सुटला नाहीं. १९९१ सालीं ते गेले. रुग्णालयाच्या कागदावर ‘दमा’ आणि त्याखालीं ‘हृदयक्रिया बंद’ इतकेंच. कापसाच्या धुळीनें फुप्फुसें जातात आणि हा रोग कामगार राज्य विम्याच्या कायद्यांत धंद्याच्या रोगांत गणला आहे, हें आम्हांला पुढें एका युनियनच्या कार्यकर्त्यानें सांगितलें. तो कागद पाहून म्हणाला, “यावर नांव असतें तर कांहीं करतां आलें असतें.” आईनें तो कागद घडी घालून पेटींत ठेवला. रामाझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें १७०० सालींच लिहून ठेवलें आहे कीं, रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा: तुझा धंदा काय? तागा-अंबाडीच्या धुळीनें छाती भरणाऱ्या कामकऱ्यांचीं लक्षणेंहि त्यानें वर्णिलीं आहेत.

गेल्या महिन्यांत मीं तो कागद काढून भाचीपुढें ठेवला. तिनें आजोबांना पाहिलेलें नाहीं. तिनें सूची उघडली, बोट फिरविलें, मग कोष्टक उघडून पडताळलें. “जे ६६.०, मामा. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीचा.” मला वाटलें, इतक्या वर्षांनीं आप्पांना त्यांचें सदर मिळालें. मी म्हणालों, “मग घाल तो अंक.”

ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “नाहीं घालतां येत, मामा. डॉक्टरांनीं दमा लिहिला आहे. कोडरनें निदान करावयाचें नसतें. डॉक्टर असते तर मीं त्यांना लेखी विचारलें असतें.”

“अग, पण हे तुझे आजोबा!”

“म्हणून तर,” ती म्हणाली.

मला राग आला. रात्रीं झोंप लागेना. पडल्या पडल्या लंडनच्या त्या म्हाताऱ्या बायका आठवल्या. घरचे सांगतील तें लिहविणाऱ्या. माझी मागणी त्याच जातीची होती, फक्त मद्याऐवजीं मीं नात्याचा पेला पुढें केला होता. तरीहि राग पुरता गेला नाहीं, हें आपल्याजवळ कबूल करतों.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ती तिन्ही ग्रंथ मेजावर ठेवून माझ्यासमोर वही घेऊन बसली. कोणत्या खात्यांत होते, किती वर्षें, रविवारीं सुटी असे का, सोमवारीं काय होई, संपानंतर काय झालें, असें एकेक विचारीत गेली. मीं सांगत गेलों, ती लिहीत गेली. पाऊण तास लागला. शेवटीं तिनें विचारलें, “हें त्या वेळीं कोणीं विचारलें नव्हतें?”

मीं म्हटलें, “नाहीं.”